कान यंत्राचा, तोंड माणसाचं

तुम्ही घरी टेबलापाशी बसलेले असता. छप्पर फोडून एक अवाढव्य अंतराळजहाज खाली येतं, त्याचं नाक थेट खोलीत घुसतं, दार उघडतं आणि एक यंत्रमानव मोठ्या अदबीनं बाहेर येतो. जहाजात जरा बिघाड झालाय, तेव्हा आत चला, असं तो सुचवतो. 'स्टारशिप टायटॅनिक' हा कॉम्प्युटर गेम असा सुरू होतो. १९९८ साली तो बाजारात आला तेव्हा तीन सीडींचा संच होता. मी तो पहिल्यांदा पाहिला २००० च्या आसपास, आतेभावाच्या खोलीत. यंदा दिवाळीच्या सुट्टीत पंधरा वर्षांच्या भाचीला शेजारी बसवून तो मी पुन्हा, सुरुवातीपासून खेळले.

खेळता खेळता एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. माणसाशी बोलणाऱ्या यंत्राच्या तोंडचे शब्द कुणी लिहायचे? हा प्रश्न आता गेमपुरता उरलेला नाही. बँक, विमा कंपनी, प्रवासाचं तिकीट, मुलांचा अभ्यास, सगळीकडे यंत्रं बोलायला लागली आहेत. पण गेम ही अशी जागा आहे जिथे यंत्राला पात्र म्हणून उभं करायचा प्रयत्न अनेक दशकं चाललेला आहे, त्यामुळे तिथला अनुभव बाकीच्यांनी पाहण्याजोगा आहे. माझं मत आधीच सांगते. ऐकण्याचं काम यंत्राला खुशाल द्यावं. बोलण्याचं काम लेखकाकडे आणि नटाकडे राहावं. मी स्वतः श्राव्य माध्यमांसाठी संवाद लिहिते, त्यामुळे यात माझा स्वार्थ आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

हा गेम डग्लस ॲडम्स या इंग्रज लेखकाच्या कल्पनेतून आला. त्याच्या १९८२ च्या एका कादंबरीत हे जहाज ओझरतं येऊन गेलं होतं. गेमच्या जगात ॲडम्स नवखा नव्हता. १९८४ साली त्यानं इन्फोकॉम या अमेरिकन कंपनीच्या स्टीव्ह मेरेट्स्कीबरोबर स्वतःच्याच गाजलेल्या कथेवर शब्दांचा गेम केला होता. त्या काळचे असे गेम चित्रांशिवाय चालायचे. पडद्यावर वर्णन यायचं, आपण 'दार उघड', 'दिवा घे' असं टाइप करायचं आणि गोष्ट पुढे सरकायची. आपलं वाक्य समजून घेणारा जो भाग असतो त्याला गेमवाले पार्सर म्हणतात. १९९३ साली 'मिस्ट' आला आणि वारं फिरलं. देखणी चित्रं, निर्मनुष्य बेट, माउसनं टिचक्या मारत कोडी सोडवायची, शब्दांची गरजच नाही. ॲडम्सला चित्रंही हवी होती आणि बोलणंही. 'द डिजिटल व्हिलेज' या त्याच्या कंपनीनं म्हणून असं जहाज रचलं, की दिसायला एखाद्या आलिशान जुन्या हॉटेलासारखं, आणि आतला प्रत्येक नोकर तुमच्याशी बोलायला उभा.

दारावर फेंटिबल, स्वागतकक्षात मार्सिन्टा, सामान वाहायला क्रेज, लिफ्टमध्ये नॉबी, बारमध्ये फोर्टिलियन. शिवाय जहाज बांधणाऱ्यांनी मागे सोडलेला एक अखंड बडबडणारा पोपट. त्याला आवाज दिलाय टेरी जोन्स या ब्रिटिश विनोदी नटानं. जहाजाचा मेंदू म्हणजे टायटेनिया. तिचे भाग कुणीतरी काढून जहाजभर पांगवलेत, कारण जहाज बुडालं तर विम्याचे पैसे मिळणार आहेत. म्हणून हे सगळे यंत्रमानव अर्धवट चळलेले आहेत. तिला पुन्हा जुळवायचं, जहाज घरी न्यायचं, एवढं आपलं काम. तुम्ही तृतीय श्रेणीचे प्रवासी म्हणून चढता. खोली इतकी चिंचोळी, की फर्निचर भिंतीतून उलगडून काढावं लागतं. वरच्या श्रेणीत जायचं तर मार्सिन्टाची मर्जी सांभाळावी लागते आणि ती सहजासहजी सांभाळली जात नाही. बारवाला फोर्टिलियन एकाच पेयात अडकून पडलाय. त्याला भरडलेला टीव्ही हवा, भोरड्यांचा लगदा हवा, ते मिळाल्याशिवाय त्याचं गाडं पुढे जात नाही.

या सगळ्यांशी बोलायचं म्हणजे पडद्याच्या तळाशी वाक्य टाइप करायचं. ते वाक्य स्पूकीटॉक नावाच्या यंत्रणेकडे जातं. ती वाक्य तोडून बघते: हा प्रश्न आहे की हुकूम, विषय कोणता, समोर कोण उभं आहे, गोष्ट कुठवर आली आहे. मग त्या पात्राच्या साठ्यातली एक ओळ निवडते आणि ती ओळ ध्वनिमुद्रित आवाजात ऐकू येते. अशा दहा हजारांहून जास्त ओळी नटांकडून बोलून घेतल्या होत्या. सगळ्या सलग लावल्या तर चौदा तासांवर जातील. ॲडम्सबरोबर मायकेल बायवॉटर आणि नील रिचर्ड्स यांनी त्या लिहिल्या. सुरुवातीला वेगळा बेत होता. संगणकानं आयत्या वेळी वाक्य जुळवायचं आणि कृत्रिम आवाजात म्हणायचं. तसं करून पाहिलं, पण तो आवाज फार वेळ ऐकवेना, म्हणून बेत सोडला आणि माणसं बोलावली. १९९० च्या दशकात हा निर्णय तांत्रिक नाइलाजातून झाला असेल, पण माझ्या लेखी गेम तगला तो याच निर्णयामुळे. त्या काळचा कृत्रिम आवाज आज कुणालाही दोन मिनिटं सोसणार नाही. टेरी जोन्सचा पोपट आजही तितकाच जिवंत आहे.

गेमला तेव्हा फार यश मिळालं नाही. समीक्षा संमिश्र आल्या, विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. तक्रार मुख्यतः दोन गोष्टींची होती. कोडी अडनिडी आहेत, आणि यंत्रमानवांना आपलं म्हणणं पुष्कळदा कळतच नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पुन्हा खेळताना त्या मलाही जाणवल्या आणि दुसरीवर मी पुढे येणारच आहे. ॲडम्स २००१ च्या मे महिन्यात वारला, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी. गेम मात्र वाचला. नवीन विंडोजवर तो नीट चालेना तेव्हा २०१५ मध्ये त्याची डाउनलोड आवृत्ती आली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये स्कमव्हीएम या स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रकल्पानं त्याला आपल्यात घेतलं. जुन्या गेमची इंजिनं, म्हणजे गेम चालवणारे मूळ प्रोग्रॅम, ही माणसं नव्यानं लिहितात, फुकट देतात, आणि त्यामुळेच पंचवीस वर्षांपूर्वीच्या सीडीवरचा माल आजच्या लॅपटॉपवर पळतो. त्यांचे उपकार मोठे आहेत.

आता भाचीची गोष्ट. तिच्या पिढीला यंत्राशी बोलण्याचं काहीच अप्रूप नाही. शाळेचा प्रकल्प असो की मैत्रिणीच्या वाढदिवसाचा मजकूर, ती चॅटबॉटला विचारते आणि तो लगेच, गोड भाषेत, परिच्छेद पाडून उत्तर देतो. मार्सिन्टासमोर बसल्यावर तिनं सवयीनं तसंच विचारलं. मला वरच्या श्रेणीत जायचं आहे, काय काय करावं लागेल ते क्रमानं सांग. उत्तरात मदत सोडून बाकी सगळं होतं. तिनं पुन्हा विचारलं, शब्द बदलून विचारलं, मग चिडून काहीतरी आगाऊ टाइप केलं. शेवटी कीबोर्डवरचे हात काढले आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "मावशी, हिला माझं काही कळत नाहीये, पण हिला मी आवडले नाहीये एवढं मला कळतंय."

त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. रोज दहा प्रश्नांची मनासारखी उत्तरं देणाऱ्या चॅटबॉटबद्दल भाचीनं असं काही कधीच म्हटलेलं नाही. त्याला ती आवडते की नाही, हा प्रश्नच तिच्या मनात येत नाही. मार्सिन्टाजवळ मोजक्या ओळी, समज तोकडी, तरी दहा मिनिटांत तिनं स्वतःबद्दल मत तयार करायला लावलं. कारण त्या ओळी लिहिताना एका लेखकाला ही बाई कोण आहे ते पक्कं ठाऊक होतं. तिला कोण प्रवासी नकोसे वाटतात, किती ताणल्यावर ती तुटते, कशानं सुखावते, हे आधी ठरलं आणि मग शब्द आले.

यात एक जुनी युक्ती आहे. यंत्राला सगळं समजणार नाही हे ठाऊक असेल, तर न समजणं त्याच्या स्वभावातच बसवायचं. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या जोसेफ वायझनबाऊमनं १९६६ साली 'एलायझा' जगापुढे ठेवली, टाइप केलेल्या वाक्याला उत्तर देणारा संगणकाचा प्रोग्रॅम. तिची गाजलेली भूमिका मानसोपचारतज्ज्ञाची होती. ती भूमिका त्यानं का निवडली, तर असा डॉक्टर रुग्णाचंच वाक्य उलटवून प्रश्न करतो आणि त्याला जगातली कसलीही माहिती नसली तरी खपून जातं. तुम्ही आईचा उल्लेख केलात, की ती म्हणणार, घरच्यांबद्दल आणखी सांगा. पुढे १९७२ च्या सुमारास केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञानं 'पॅरी' बनवला, संशयानं पछाडलेला रुग्ण. तो विषय सोडून बोलला, अंगावर आला, तरी ते त्याच्या आजाराला धरूनच वाटायचं. स्टारशिप टायटॅनिकच्या लेखकांनी हीच युक्ती पुढे नेली. एक तुसडी, एक आळशी, एक स्वतःच्याच आठवणीत बुडालेला, एक एकाच वाक्यावर अडकलेला. समजण्यात चूक झाली, तर त्या चुकीलाही त्या त्या पात्राचा रंग. एवढंच कशाला, या यंत्रमानवांच्या स्वभावाच्या तबकड्या गेममध्ये फिरवता येतात आणि त्याप्रमाणे त्यांचं वागणं पालटतं.

आपल्याकडे तमाशात बतावणी असते. सोंगाड्या आयत्या वेळी काय बोलेल याचा नेम नसतो, समोरच्या गर्दीतून कुणी काही बोललं तर तो ते उचलतो आणि तिथल्या तिथे परतवतो. पण तो कोण आहे, नाच्याशी त्याचं नातं काय, कुणाची टोपी उडवायची आणि कुणाची नाही, हे त्याचं बांधलेलं असतं. बोललेलं अंगाशी आलं तर बोर्डावर तोच उभा असतो. उत्स्फूर्त बोलण्याला माझा विरोध नाही, हे एवढ्यासाठी सांगितलं. उत्स्फूर्त बोलणाऱ्याचं शब्दांशी काहीतरी देणंघेणं असावं, इतकंच मागणं आहे.

गेली दोन-तीन वर्षं गेमच्या धंद्यात उलटी वाट धरली जात आहे. मार्च २०२४ मध्ये युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीनं गेमवाल्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या वार्षिक मेळाव्यात एआयवर चालणारी बोलकी पात्रं दाखवली. लेखक पात्राची पार्श्वभूमी लिहून देणार, प्रत्यक्ष वाक्यं एआय आयत्या वेळी बनवणार, अशी ती रचना. मे २०२५ मध्ये 'फोर्टनाइट' या ऑनलाइन गेममध्ये 'स्टार वॉर्स' सिनेमांतला खलनायक डार्थ व्हेडर आला, खेळाडूंशी मोकळेपणानं बोलणारा. वाक्यं एआयची, आवाजही एआयनंच घडवलेला, सिनेमात व्हेडरला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजाबरहुकूम. जोन्स आदल्या वर्षी वारला होता आणि त्याच्या कुटुंबाची या गोष्टीला संमती होती. काही तासांत खेळाडूंनी व्हेडरकडून शिव्या वदवून घेतल्या. कंपनीनं घाईघाईनं दुरुस्ती केली. पाठोपाठ नटांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेनं अमेरिकेच्या कामगार मंडळाकडे तक्रार गुदरली, की वाटाघाटी न करता नटांचं काम यंत्राला दिलं गेलं. त्याच संघटनेचा गेम कंपन्यांविरुद्धचा संप तेव्हा चालू होता. जुलै २०२४ मध्ये तो सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये थांबला. आवाजाची आणि हालचालींची यंत्रानं केलेली नक्कल, त्यासाठी लागणारी संमती आणि मोबदला, हा त्या संपाचा गाभा होता.

व्हेडरच्या शिव्यांवर लोक हसले आणि विषय संपला. माझ्या मते खरी गोष्ट त्या हसण्याखाली दबून गेली. त्या वाक्यांचा धनी कोण? पटकथाकार म्हणेल, मी हे लिहिलेलं नाही. नट तर हयातच नाही. कंपनी म्हणेल, खेळाडूंनी चुकीचं वापरलं. खेळाडू म्हणेल, मी फक्त विचारलं. मार्सिन्टाचं एखादं वाक्य कुणाला लागलं असतं, तर १९९८ मध्ये ते कुणी लिहिलं, कुणी मंजूर केलं, कुणी माइकसमोर म्हटलं, हे शोधता आलं असतं. दहा हजार ओळी आणि प्रत्येक ओळीमागे एक माणूस. हाच निकष मी बँकेच्या नाहीतर विमा कंपनीच्या बोलक्या यंत्रालाही लावीन. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या एका दाव्याबाबत असल्याच एका यंत्रानं अत्यंत आर्जवी भाषेत चुकीची माहिती दिली. वडिलांनी तिच्यावर विसंबून मुदत घालवली. नंतर तक्रार करायला गेलो तेव्हा तिथला प्रत्येक जण म्हणाला, असं आमच्यापैकी कुणी सांगितलेलं नाही. आणि ते खरंच होतं. कुणीच सांगितलेलं नव्हतं.

एआयच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला झोंबतो, आणि तो मराठीबद्दल आहे. ते म्हणतात, दहा हजार ओळी लिहायच्या, नटांकडून म्हणून घ्यायच्या, याला पैसा लागतो. इंग्रजी बाजारात तो निघतो. मराठीत बोलणाऱ्या पात्रांवर तेवढा खर्च कोण करणार? भाचीनं फेंटिबलला रोमन लिपीत 'कसा आहेस' असं विचारलं होतं. त्याला ते समजण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या एआयला समजतं, आणि तो मराठीत उत्तरही देतो. म्हणजे आपल्या भाषेत यंत्रं बोलायची असतील तर याच वाटेनं बोलतील, नाहीतर मुकी राहतील. हा मुद्दा मी हलका मानत नाही. मोठी झाल्यावर भाचीच्या मुलांनी मराठी बोलणारं एखादं अंतराळजहाज पाहावं असं मलाही वाटतं.

पण मराठीत बोलणं म्हणजे काय, ते जरा बारकाईनं पाहू. इंग्रजीत मार्सिन्टाकडे सर्वांना मिळून एकच 'यू' आहे, त्यामुळे तुच्छता आणि अदब तिला बाकी शब्दांतून आणि आवाजातून दाखवावी लागते. मराठीत तिच्या हातात तीन शस्त्रं आहेत: तू, तुम्ही आणि आपण. तृतीय श्रेणीच्या प्रवाशाला ती 'तुम्ही' म्हणेल, पण तोंडावर. फेंटिबलशी त्याच्याबद्दल बोलताना 'तो' म्हणेल. वरच्या श्रेणीचा कागद हाती पडला, की पुढच्या वाक्यात 'आपण' येईल, आणि त्या एका शब्दानं श्रेणी बदलल्याचं जितकं कळेल तितकं खोलीच्या सजावटीनं कळणार नाही. नॉबी म्हाताऱ्या माणसाच्या हक्कानं सगळ्यांना 'तू' म्हणेल आणि ते गोड वाटेल. पोपट 'तू' म्हणेल तेव्हा मात्र आगाऊपणा वाटेल. शिवाय 'आलास' की 'आलीस', हे ठरवायचं तर समोर कोण बसलंय हे आधी विचारावं लागणार, आणि कसं विचारायचं हाही पात्राच्या स्वभावाचा भाग. यंत्रमानव स्वतःला 'सांगतो' म्हणेल, 'सांगते' म्हणेल, की लाजून कर्मणीत शिरेल? हे सगळं लेखकानं बसून ठरवायचं काम आहे. यातला प्रत्येक निर्णय म्हणजे गंमत आहे, आणि ती गंमत इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळूच शकत नाही.

आयत्या वेळी वाक्यं बनवणारी जी मराठी यंत्रं माझ्या रोजच्या वापरात आहेत, ती नेमकी इथे अडखळतात. एका वाक्यात 'तुम्ही', तिसऱ्या वाक्यात 'तुला', मध्येच 'आपल्या सेवेसाठी'. व्याकरण बहुतेकदा ठीक असतं. नातं ठीक नसतं. मराठी कानाला ते लगेच कळतं, कारण सर्वनाम घसरलं की आपल्याकडे माणसाचा हेतू बदलल्यासारखा वाटतो. उद्या ही चूकही सुधारेल असं कुणी म्हणेल, आणि सुधारेलही. पण सुधारून काय होईल, तर सर्वांशी सारखं, नेमस्त, बिनचूक 'तुम्ही'. मार्सिन्टा त्यातून जन्मणार नाही. ती जन्मायला कुणाला तरी तृतीय श्रेणीच्या डब्यातून प्रवास केल्याची, नाहीतर काउंटरपलीकडच्या बाईचं तोंड पाहत ताटकळल्याची आठवण असावी लागते.

मग खर्चाचं काय? इथेच तो जुना गेम मला नवी वाट दाखवतो. त्याची उणीव कुठे होती ते पाहा. ओळी उत्तम होत्या, आवाज उत्तम होते. कमी पडलं ते ऐकणं. भाचीनं एक साधी गोष्ट चार तऱ्हांनी विचारली तर त्यातल्या एखाद्याच तऱ्हेला स्पूकीटॉक योग्य ओळ शोधू शकला. बाकी वेळी साठ्यात नेमकं उत्तर असूनही ते बाहेर आलं नाही. बोलणारा तयार होता, कान बहिरा होता. आजच्या एआयची खरी ताकद ऐकण्यात आहे. वाक्य मोडकंतोडकं असो, रोमन लिपीतली मराठी असो, मालवणी हेल असो की वऱ्हाडी शब्द, विचारणाऱ्याला काय म्हणायचंय हे त्याला पुष्कळदा समजतं. तेवढं काम त्याला द्यावं. त्यानं ऐकावं, आशय ओळखावा, आणि लेखकानं लिहिलेल्या ओळींतून सर्वांत जवळची निवडावी. जवळची ओळ नसेल, तर त्या पात्राची टाळाटाळ करायची जी लिखित तऱ्हा आहे ती वापरावी. आणि खेळाडूंनी जे विचारलं पण ज्याला ओळच सापडली नाही, त्याची यादी लेखकाच्या टेबलावर यावी, म्हणजे तो आणखी लिहील. अशा रचनेत मराठीसाठी दहा हजार ओळी लागणारही नाहीत. दोन हजार चांगल्या ओळी, नीट ऐकणारा कान आणि पाच-सहा तयारीचे नट एवढ्यावर एक जहाज भरेल. आपल्या आकाशवाणीच्या नाटकांनी आणि प्रायोगिक रंगभूमीनं घडवलेले असे नट गावोगाव आहेत.

लिहून लिहून किती लिहिणार, असं विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. २०१९ साली आलेला 'डिस्को एलिझियम' हा गेम एस्टोनियात रुजलेल्या एका लेखक-चित्रकारांच्या गटानं केला. त्यात दहा लाखांहून जास्त शब्द आहेत, माणसांनी लिहिलेले. एस्टोनियाची लोकसंख्या आपल्या पुणे शहराहून कमी आहे. तो गेम इंग्रजीत होता हे खरं, पण इतकं लिहिण्याची हिंमत कुठल्या महासत्तेची मक्तेदारी नाही, हे त्यातून दिसतं.

दुसरी मागणी सांगते, ती ग्राहक म्हणून. स्टीम हे गेम विकणारं मोठं दुकान जानेवारी २०२४ पासून निर्मात्यांना विचारतं, की एआयनं आधीच बनवून ठेवलेलं काय आहे आणि खेळताना आयत्या वेळी काय बनतं. ते गेमच्या पानावर जाहीर करावं लागतं. आयत्या वेळी बनणाऱ्या मजकुराला काय लगाम घातला आहे, तेही सांगावं लागतं. गेमसारख्या करमणुकीच्या मालाला जर इतकी चौकशी लागू होते, तर माझ्या वडिलांच्या दाव्याबद्दल बोलणाऱ्या यंत्राला का नाही? 'हे वाक्य माणसानं लिहून तपासलेलं आहे' आणि 'हे वाक्य आत्ता यंत्रानं जुळवलं आहे', या दोन गोष्टी ऐकणाऱ्याला वेगळ्या कळाव्यात. वायझनबाऊमच्या सेक्रेटरीनं एलायझाशी बोलताना त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं होतं, खाजगी बोलायचंय म्हणून. हा प्रोग्रॅम त्यानं तिच्या डोळ्यांदेखत महिनोन्‌महिने खपून लिहिला होता, आणि तरीही. त्या प्रसंगानं तो इतका हादरला, की १९७६ साली त्यानं यंत्राकडे काय सोपवावं आणि काय सोपवू नये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. माणूस शब्दांमागे माणूस शोधतोच. तो त्याचा मूर्खपणा नाही, बोलायला शिकल्यापासूनची त्याची सवय आहे. म्हणून शब्दांमागे कुणी नसेल तर ते सांगण्याची जबाबदारी शब्द विकणाऱ्याची आहे.

नटांबद्दल थोडक्यात. ज्याचा आवाज त्याची परवानगी, दर वापराचा मोबदला, आणि मेल्यानंतर काय हे जिवंतपणी त्यानं स्वतः लिहून ठेवलेलं असावं. याहून वेगळं काही असू शकतं असं मला वाटत नाही. मराठीत डबिंग करणाऱ्या कलाकारांच्या करारात ही कलमं आत्ताच यायला हवीत.

चौथ्या दिवशी भाची आणि मी जहाजातल्या बॉम्बपाशी पोचलो. तोही बोलतो. त्याला आवाज जॉन क्लीझ या इंग्रज विनोदी नटाचा आहे, श्रेयनामावलीत मात्र दुसऱ्याच नावानं. चुकून त्याला चालू केलं, की तो हजारापासून उलटे आकडे मोजायला लागतो. त्याला थांबवायचा शब्द आम्हाला सापडला नव्हता. भाचीनं घाबरून काहीतरी टाइप केलं, तशी त्याची मोजणी चुकली आणि तो पुन्हा हजारावर गेला. दोनदा असं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की याला गप्पा मारून रोखून धरता येतं. मग ती खुर्ची पुढे ओढून बसली. मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. आतून क्लीझचा आवाज येत होता, आकड्यांवर आकडे, मग कीबोर्डचा खडखडाट, मग पुन्हा हजार. चहा घेऊन आले तेव्हा ती त्याला त्याच्या आईबद्दल विचारत होती.